बुडीत जवळजवळ नाही, कोरडं मात्र पडलं: किहान्सीच्या भेकाचं प्रकरण

टांझानियाच्या दक्षिण भागात उद्झुंग्वा पर्वताचा कडा जिथे संपतो, तिथून किहान्सी नदी काही किलोमीटरच्या अरुंद घळीत साडेआठशे मीटरच्या आसपास खाली उतरते आणि किलोम्बेरोच्या सपाट खोऱ्याकडे निघते. ही एक सलग उडी नाही, धबधब्यांची मालिका आहे. पाणी खडकावर आपटून फुटतं आणि त्याचे तुषार वाऱ्याबरोबर काठांवर पसरतात. जिथे हे तुषार बाराही महिने पडत राहिले, तिथे मोठी झाडं उभी राहिली नाहीत. गवत, शेवाळ, नेचे आणि नेच्यांच्या भावकीतली सेलाजिनेला यांचा जाड, कायम ओला थर तिथे तयार झाला. समुद्रसपाटीपासून ६०० ते ९४० मीटरच्या पट्ट्यात अशा तुषारभूमीचे काही तुकडे होते. सगळे मिळून जेमतेम दोन हेक्टर, आपल्या हिशेबात पाच एकर.

त्या पाच एकरांत एक भेक, म्हणजे बेडकाचा भाऊबंद (इंग्रजीत टोड), राहायचा. त्याचं शास्त्रीय नाव नेक्टोफ्रिनॉइडिस ॲस्परजिनिस. जगात इतरत्र तो कुठेही सापडलेला नाही. पूर्ण वाढलेली मादी तीन सेंटिमीटरपेक्षाही लहान, नर तर दोन सेंटिमीटरच्या आत. रंग मोहरीसारखा पिवळा. पोटाची कातडी इतकी पातळ की आतली आतडी बाहेरून दिसतात. त्याला बाहेरून दिसणारे कानाचे पडदे नाहीत. सगळ्यात विशेष म्हणजे हा भेक पाण्यात अंडी घालत नाही. मादी अंडी पोटातच वाढवते आणि एका वेळी पाच-दहा पूर्ण तयार पिल्लांना जन्म देते. पिल्लं अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, करड्या-जांभळ्या रंगाची. जगात साडेसात हजारांहून जास्त जातींचे बेडूक आणि भेक आहेत, त्यांतल्या फार थोड्या जाती पिल्लांना जन्म देतात. तसं करणारा नेक्टोफ्रिनॉइडिस हा संपूर्ण गट टांझानियाच्या डोंगरांपुरताच आहे.

हे डोंगर म्हणजे ‘ईस्टर्न आर्क’. केनियातल्या टाइटा टेकड्यांपासून उद्झुंग्वापर्यंत पसरलेली ही तुटक रांग. हिंदी महासागरावरून येणारा ओलावा या रांगेला अडतो आणि लाखो वर्षं तो अडत आल्यामुळे आफ्रिकेचा बाकीचा भाग कोरडा पडला तेव्हाही इथली जंगलं टिकली. प्रत्येक डोंगर एकेकटा राहिला आणि प्रत्येकावर वेगळे जीव घडत गेले. किहान्सीच्या घळीतलं जंगली कॉफीचं झुडूपसुद्धा, कॉफिया किहान्सिएन्सिस, फक्त तिथलंच. भेकाची गोष्ट सांगताना ही घळ सतत नजरेसमोर ठेवायला हवी. पुढच्या वीस वर्षांत भेकावर इतका प्रकाश पडला की घळ मागे राहिली, आणि माझ्या मते ते या प्रकरणातलं मोठं नुकसान आहे.

वीज हवी होती

१९९० च्या दशकातला टांझानिया विजेसाठी जवळजवळ सर्वस्वी धरणांवर अवलंबून होता. ग्रेट रुआहा नदीवरची म्तेरा आणि किदातू ही दोन धरणं मुख्य. पाऊस कमी झाला की त्यांच्या जलाशयांची पातळी उतरायची आणि दार एस सलामसारख्या शहरात भारनियमन सुरू व्हायचं. देशातल्या बहुसंख्य घरांत तर वीज पोहोचलेलीच नव्हती. अशा देशाला किहान्सीची जागा दिसली आणि ती अभियंत्यांच्या डोळ्यांत भरली, यात नवल काहीच नाही. कड्यावर पाऊस भरवशाचा, आणि साडेआठशे मीटरची उंची निसर्गानेच दिलेली. वर २५ मीटर उंचीचं एक छोटं काँक्रीटचं धरण बांधायचं, पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात उतरवायचं, भूमिगत वीजघरात ६० मेगावॅटची तीन यंत्रं फिरवायची आणि पाणी खाली पुन्हा नदीत सोडायचं. एकूण १८० मेगावॅट. हे केंद्र सुरू झाल्यावर देशाची एकूण जलविद्युत क्षमता ५६१ मेगावॅट झाली. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश एकट्या किहान्सीची.

पैसा जागतिक बँक, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक यांच्याकडून आला. कामाला १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरुवात झाली.

आता या प्रकल्पाची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम होती. जलाशय अगदी छोटा. बुडीत क्षेत्र जवळजवळ नाहीच. हजारो माणसांचं विस्थापन नाही, सुपीक जमिनी पाण्याखाली जाणं नाही. एका हेक्टर बुडिताला किती मेगावॅट मिळाले, या मापाने पाहिलं तर किहान्सी हा जगातल्या चांगल्या जलविद्युत प्रकल्पांत गणला गेला असता. म्हणूनच पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांची नजर धरणाच्या वर राहिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासात घळीच्या आतल्या जीवसृष्टीची तपशीलवार पाहणी झाली नाही. घळ उतरायला अवघड, वस्ती कुणाची नाही, आणि तिथे काही बुडणारही नाही.

पण या रचनेत नुकसान बुडिताचं नव्हतंच. ते धरण आणि वीजघर यांच्या मधल्या भागाचं होतं, जिथून नदीच काढून घेतली जाणार होती.

थोडं गणित करून पाहू. ८५० मीटर उंचीवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी यंत्रावर सोडलं आणि वाटेतली गळती-घर्षण वजा केली, तर साधारण सात मेगावॅट मिळतात. १८० मेगावॅट काढायचे तर सेकंदाला सुमारे २५ घनमीटर पाणी लागतं. किहान्सीचा सरासरी प्रवाह होता सेकंदाला सुमारे १६ घनमीटर. म्हणजे यंत्रांची भूक नदीच्या सरासरीपेक्षा मोठी ठेवली होती. पावसाळ्यातला पूर सोडला तर नदीचा थेंबन् थेंब बोगद्यात जाऊ शकेल, असं हे आरेखन होतं. घळीसाठी पाणी राखायचं ठरवलं, तर प्रत्येक घनमीटरमागे सात मेगावॅट सोडावे लागणार. हा आकडा पहिल्या आराखड्याच्या वेळी टेबलावर असता, तर वाद झाला असता, तडजोड झाली असती, कदाचित यंत्रंच वेगळ्या क्षमतेची बसवली गेली असती. तो टेबलावर नव्हता, कारण घळीत पाण्यावर कोण जगतंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

१९९६

पाहणी झाली ती काम सुरू झाल्यावर. पैसे देणाऱ्या संस्थांच्या आग्रहाने घळीचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला आणि १९९६ मध्ये दार एस सलाम विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ किम हॉवेल आणि त्यांचे सहकारी तुषारभूमीत पोहोचले. तिथे त्यांना हा पिवळा भेक सापडला. एखाद-दुसरा नव्हे, पावलागणिक. एवढ्याशा जागेत हजारोंच्या संख्येने राहणारा, शास्त्राला पूर्ण अनोळखी प्राणी. जॉन पॉइंटन, हॉवेल, बॅरी क्लार्क आणि जॉन लव्हेट यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा शीर्षकातच त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हटलं होतं. नाव मिळालं तेव्हाच त्याचं भवितव्य सगळ्यांना दिसत होतं. वरचं धरण तेव्हा पुरं होत आलं होतं.

१९९९ च्या अखेरीपासून यंत्रं सुरू होऊ लागली आणि २००० मध्ये प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू झाला. घळीतला सुमारे ९० टक्के प्रवाह गेला. धबधब्यांचा आवाज बसला, तुषार थांबले. दलदलीत राहणाऱ्या वनस्पती वाळल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत काठावरचं तण शिरू लागलं. पूर्वी ओलाव्यामुळे जिकडे फिरकत नव्हत्या त्या शिकारी मुंग्यांच्या फौजा तुषारभूमीत येऊ लागल्या. भेक उरलेल्या ओल्या खडकांजवळ गोळा झाले.

इथून पुढे जे झालं त्यात मला दुर्लक्ष दिसत नाही. उलट, एवढ्या लहान प्राण्यासाठी इतक्या थोड्या काळात इतकी धडपड क्वचितच झाली असेल. आंतरराष्ट्रीय पर्यावरण संघटनांनी जागतिक बँकेकडे तक्रारी केल्या. २००१ मध्ये ‘लोअर किहान्सी पर्यावरण व्यवस्थापन प्रकल्प’ उभा राहिला, बँकेच्या सुमारे ६३ लाख डॉलरच्या कर्जातून. घळीसाठी सेकंदाला दीड ते दोन घनमीटर पाणी सोडण्याचं बंधन वीज कंपनी टॅनेस्कोवर आलं. आणि तेवढ्या पाण्याने धबधबा तुषार उडवणार नाही हे उघड असल्यामुळे एक वेगळीच योजना झाली. वरून गुरुत्वाकर्षणानेच येणारं पाणी नळांतून तुषारभूमीपर्यंत न्यायचं आणि बारीक तोट्यांतून धुक्यासारखं उडवायचं. २००१ च्या सुरुवातीपासून ही कृत्रिम फवारणी तीन तुकड्यांवर सुरू झाली. मूळ तुषारभूमीच्या साधारण पाव भागावर ती पोहोचली.

ही योजना चालली, हे नोंदवायला हवं. वनस्पती परतू लागल्या, मुंग्या मागे हटल्या, भेकांची संख्या वाढली. जून २००३ मध्ये केलेल्या मोजणीचा अंदाज वीस हजारांच्या पुढे गेला. त्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर शास्त्रज्ञांनी आणि टॅनेस्कोनेही सांगितलं असतं की प्रकरण मार्गी लागलंय.

ऑगस्टमध्ये मोजायला गेलेल्यांना चाळीसच्या आसपास भेक दिसले. जानेवारी २००४ मध्ये तीन दिसले आणि दोन नरांचे आवाज ऐकू आले.

कुणामुळे?

या दोन महिन्यांत काय घडलं, यावर बराच वाद झाला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण एकाच वेळी तीन गोष्टी घडल्या होत्या.

पहिली: कोरड्या हंगामात फवारणी यंत्रणा काही काळ बंद पडली. पाव भागावर टेकलेली सगळी वस्ती त्या तोट्यांवर जगत होती. तोट्या थांबल्या की ओलावा थांबला.

दुसरी: धरणात साचलेला गाळ बाहेर काढण्यासाठी दारं थोड्या वेळासाठी उघडण्यात आली. वरच्या पाणलोटात मक्याची शेती होती आणि तिथे वापरलेल्या कीटकनाशकांचे अंश त्या गाळात होते. भेक मरतील एवढं त्यांचं प्रमाण होतं, असं संकटग्रस्त जातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या नोंदीत म्हटलं आहे.

तिसरी: मेलेल्या भेकांच्या कातडीत कायट्रिड बुरशी सापडली. बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटायडिस हे तिचं नाव, आणि ती शास्त्राला कळून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. बेडकाची कातडी नुसतं आवरण नसते. तो तिच्यातून पाणी घेतो, श्वास घेतो, शरीरातले क्षार राखतो. ही बुरशी कातडीचं तेच काम बिघडवते. सोडियम-पोटॅशियमचा तोल जातो आणि हृदय थांबतं. पुढे झालेल्या जनुकीय अभ्यासात तिचं मूळ पूर्व आशियात असल्याचं दिसलं आणि विसाव्या शतकातल्या प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती जगभर गेल्याचा निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, तिच्यामुळे किमान ५०१ जातींची संख्या घटली आहे आणि त्यांतल्या ९० जाती नाहीशा झाल्याचं मानलं जातं.

बराच काळ तिन्ही कारणं एका ओळीत लिहिली जायची. पुढे जतन केलेल्या नमुन्यांच्या कातडीची तपासणी झाली. २०२० मध्ये शे वेल्डन, ॲलन चॅनिंग आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की भेक संपवणारं तात्काळ कारण हा रोगच. मला तो पटतो. कीटकनाशकाने किंवा कोरडेपणाने एखाद्या तुकड्यातली वस्ती झपाट्याने घटू शकते. पण एकमेकांपासून वेगळ्या असलेल्या तिन्ही तुकड्यांवर आठवड्यांत सगळी वस्ती कोसळणं, ही साथीची खूण आहे.

मग धरण सुटलं का? काही जण तसा अर्थ काढतात आणि त्यांचा मुद्दा टाळून चालणार नाही. धरण नसतं तरी बुरशी कधी ना कधी घळीत पोहोचली असती. पाच एकरांत राहणारी जात कुठल्याही एका साथीत संपू शकते. आणखी एक कटू गोष्ट: धरण नसतं तर घळीत कुणी उतरलंच नसतं, भेक सापडला नसता आणि पुढे पिंजऱ्यात वाढलेले भेकही राहिले नसते.

हे सगळं खरं धरलं तरी प्रश्न उरतो. रोग आला तेव्हा भेक कुठल्या अवस्थेत होता? मूळ जागेच्या पाव भागात दाटलेला. नळाच्या तोटीवर अवलंबून. घळीत नळ टाकणारे, तोट्या दुरुस्त करणारे, मोजणी करणारे असे लोक सारखे ये-जा करत होते, जे आधीच्या कुठल्याच काळात झालं नव्हतं. आणि वरून येणारं पाणी आता नदीच्या चालीने येत नव्हतं, दारं उघडणाऱ्याच्या वेळापत्रकाने येत होतं. गाळ, कीटकनाशक, बंद पडलेली फवारणी, यांतलं प्रत्येक संकट आधी घेतलेल्या एका निर्णयातून आलेलं होतं. बुरशीने मारलं, पण भेकाकडे चुकीला जागा उरू नये अशी परिस्थिती माणसाने आधीच करून ठेवली होती. म्हणून मी या प्रकरणात कारण आणि जबाबदारी वेगळी मोजतो.

सह्याद्रीकडे एक नजर

हे वाचताना कोयनेची आठवण येणं अपरिहार्य आहे. तिथेही कड्याची उंची वापरून पाणी वळवलं आणि वीज काढली, फरक इतका की पूर्वेला वाहणारी नदी पश्चिमेला उतरवली. आणि तिथेही एक भेक आहे. १९६३ मध्ये, धरण पुरं होण्याच्या सुमारास, कोयनेच्या खोऱ्यातून एका नव्या भेकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. आज तो झँथोफ्रीनी कोयनेन्सिस म्हणून ओळखला जातो. त्याचा जवळचा नातलग आंबोलीत आहे, झँथोफ्रीनी टायग्रिना, जो जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याचं वर्णन २००९ मध्ये झालं. आययूसीएनच्या यादीत कोयनेचा भेक संकटग्रस्त आहे, आंबोलीचा अतिसंकटग्रस्त. पुण्यातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीच्या बेडकांवरही कायट्रिड बुरशी असल्याचं दाखवलं. इथे किहान्सीसारखी साथ झालेली नाही आणि इथली बुरशी वेगळ्या, आशियाई वाणाची आहे. त्यामुळे दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत. पण धरणाच्या चर्चेत आपणही बुडीत क्षेत्राबद्दलच जास्त बोलत आलो. नदीचा कोरडा पडणारा भाग, तिथला ओलावा, तिथले कातळ, हे आपल्याकडेही अहवालाच्या मागच्या पानांत जातात. सड्यावरच्या चार बोटं पाण्यात एक जात जगते हे ज्याने पाहिलंय, त्याला किहान्सीचे पाच एकर थोडे वाटणार नाहीत.

४९९

भेक आज जिवंत आहे तो २००० च्या अखेरीस घेतलेल्या एका निर्णयामुळे. तुषार थांबल्यावर टांझानिया सरकारच्या संमतीने ४९९ भेक पकडून विमानाने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले आणि तिथून अमेरिकेतल्या आणखी काही प्राणिसंग्रहालयांत वाटले गेले. तेव्हा घळीत हजारो भेक होते, त्यामुळे अनेकांना हे पाऊल घाईचं वाटलं असणार. तीन वर्षांत तीच एकमेव शिल्लक ठरली.

तीही सुखाने टिकली नाही. या भेकाला कैदेत कसं सांभाळायचं, हे पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला काय प्रकाश लागतो, किती धुकं, कुठला आहार, पिल्लांना भरवायचं काय, सगळं नवं. फुप्फुसात जंत झाले, संसर्ग झाले, पिल्लं मोठी होण्याआधी मरत गेली. २००४ पर्यंत सगळ्या संग्रहालयांत मिळून सत्तरहून कमी भेक उरले. बाहेर घळीत तीन, आत सत्तरहून कमी. एक जात संपते म्हणजे काय, ते त्या वर्षी अगदी जवळ येऊन गेलं.

ब्राँक्स आणि ओहायोतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी तिथून ही वस्ती वर आणली. नाट्यमय असं त्यात काही नाही, म्हणून त्याबद्दल कमी लिहिलं जातं. पाणी गाळून शुद्ध करणं, ठरावीक वेळाने धुकं सोडणं, अतिनील प्रकाशाचे दिवे योग्य अंतरावर बसवणं, फळमाश्या, मातीतले सूक्ष्म उडते कीटक आणि नुकते जन्मलेले रातकिडे स्वतः पैदा करून खाऊ घालणं, खाद्यावर जीवनसत्त्वांची भुकटी शिंपडणं, आजारी भेक वेगळे ठेवणं, आणि हे सुट्टीच्या दिवशीही न चुकवणं. २०१० च्या आसपास दोन्ही ठिकाणची संख्या हजारांत गेली. दरम्यान २००९ मध्ये आययूसीएनने या भेकाला ‘निसर्गातून नामशेष’ वर्गात टाकलं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये शंभर भेक मायदेशी परतले. दार एस सलाम विद्यापीठात त्यांच्यासाठी खास केंद्र बांधलं होतं आणि तिथल्या टांझानियन कर्मचाऱ्यांना अमेरिकेत प्रशिक्षण मिळालं होतं. समुद्रकाठच्या त्या उष्ण शहरात डोंगरी घळीची थंडी आणि ओलावा भिंतींच्या आत सांभाळावा लागतो. मला या प्रकरणात सर्वांत जास्त आदर या माणसांबद्दल वाटतो. प्रकल्पाचे अहवाल बँकेचे, शोधनिबंध विद्यापीठांचे, पण रोज सकाळी तोटीतून धुकं येतंय का हे पाहणारा हात त्यांचा आहे.

परत घळीत

सोडण्याआधी मोठा अडसर होता बुरशीचा. ती घळीतून गेलेली नव्हती. तिथले इतर बेडूक तिच्यासह जगत होते. म्हणून आधी भेकांना घळीतली माती आणि वनस्पती आणून त्यांच्या सान्निध्यात ठेवून पाहिलं. मग तुषारभूमीतच जाळीचे पिंजरे ठेवले. २०१२ मध्ये आधी थोडे भेक चाचणी म्हणून गेले आणि वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतून सुमारे अडीच हजारांची तुकडी टांझानियात आली. निसर्गातून नामशेष जाहीर झालेला उभयचर पुन्हा त्याच्या मूळ जागी सोडण्याची ही जगातली पहिली वेळ. पुढच्या वर्षांत आणखी तुकड्या सोडल्या गेल्या.

बातम्यांमध्ये याचं वर्णन ‘परत आला’ असं झालं. मी तो शब्द वापरायला कचरतो. सोडणं आणि वस्ती होणं यांत अंतर आहे. सोडलेले भेक काही काळ दिसतात, नंतर कमी दिसतात, पुन्हा नवी तुकडी येते. बाहेरून भर न घालता पिढ्यान् पिढ्या टिकणारी वस्ती घळीत उभी राहिल्याचं त्या दशकात सिद्ध झालं नाही आणि केवळ सोडण्यामुळे आययूसीएनने वर्ग बदलला नाही.

दुसरा अडसर पाण्याचा आहे आणि त्यावर खूप कमी बोललं जातं. आज घळीला मिळतं ते दीड-दोन घनमीटर पाणी आणि तोट्यांतून उडणारं धुकं. तोट्यांना मुळात फार थोडं पाणी लागतं, म्हणून ही तडजोड सगळ्यांना परवडली. पण धबधब्याचे तुषार नुसता ओलावा देत नव्हते. त्यांच्याबरोबर वारा होता, थंडावा होता, गाळाचे बारीक कण होते, पुराच्या वेळचा मारा होता जो काठावरची झुडपं वाढू देत नव्हता. तोटी यातलं फक्त पाणी देते. शिवाय तोटी गाळाने बुजते, नळ निसटतात, दरड कोसळते, आणि दर वेळी कुणाला तरी घळीत उतरावं लागतं. ही देखभाल किती वर्षं करायची, याला उत्तर एकच आहे: यंत्रं चालू आहेत तोवर.

टांझानियाने या प्रकरणातून धडा घेतला, हेही खरं. २००४ चा पर्यावरण व्यवस्थापन कायदा घडताना किहान्सीचा अनुभव समोर होता, आणि २००९ च्या जलसंपत्ती कायद्यात नदीसाठी राखायच्या पाण्याला स्थान मिळालं. वरच्या पाणलोटात, जिथे शेतकरी कोरड्या हंगामात दरीच्या तळाशी ‘विन्युंगु’ म्हणून ओळखली जाणारी ओलसर शेती करतात, तिथेही काम झालं. नदीत पाणीच कमी येऊ लागलं तर घळीचा वाटा सर्वांत आधी कापला जाईल, हे तिथल्या अभ्यासकांना नीट माहीत आहे.

माझं मत असं आहे, की पुढचा प्रयोग पिंजऱ्यांत नाही, धरणाच्या दारांवर व्हायला हवा. वर्षातले काही आठवडे, पावसाळ्यानंतर लगेच, घळीला सहा-आठ घनमीटर पाणी दिलं तर चाळीस-पंचावन्न मेगावॅट तेवढ्या काळापुरते सोडावे लागतील. किहान्सी सुरू झालं तेव्हा देशाच्या विजेसाठी हे जड होतं. त्यानंतर टांझानियात नैसर्गिक वायूवर चालणारी मोठी केंद्रं उभी राहिली आहेत आणि रुफिजी नदीवरच्या ज्युलियस न्येरेरे प्रकल्पाची क्षमता एकट्याची २,११५ मेगावॅट आहे. १८० मेगावॅटचं ओझं आता पूर्वीसारखं किहान्सीच्या घळीवर नाही. ठरावीक काळ पाणी सोडायचं, त्या आधी आणि नंतर तुषारभूमीची रुंदी, वनस्पती, बुरशीचं प्रमाण आणि भेक मोजायचे, आणि पाणीपरवान्यातला दीड-दोन घनमीटरचा आकडा त्या मोजणीवर पुन्हा ठरवायचा. भेक तयार आहेत. ब्राँक्समध्ये, टोलेडोमध्ये आणि दार एस सलाममध्ये ते पिढ्यान् पिढ्या वाढवले गेले आहेत. ठरायचं राहिलंय ते पाणी.